शाळेतला तो नवा मुलगा

पालकहो, आपल्या मुलाला एकही मित्र नाही या काळजीने ज्यांनी रात्री जागून काढल्या आहेत, त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. बाकीच्यांनी जरा सावकाश वाचा.

दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोच्या मधल्या पट्ट्यात, टेमेक्युला नावाचं गाव आहे. टेकड्या, द्राक्षमळे, एकसारखी घरं, नावाजलेल्या शाळा. आपल्याकडची कुटुंबं घर घेताना शाळेचे आकडे बघून जसा भाग निवडतात, तसा. २०१२ साली तिथल्या चॅपरल हायस्कुलात सतरा वर्षांचा एक मुलगा नव्याने दाखल झाला. त्याला ऑटिझम होता. समोरच्याच्या बोलण्यातली खोच, थट्टा, मतलब त्याला कळत नसे. डबा खायला एकटा, बसमध्ये एकटा. हे सगळं शाळेच्या दप्तरी नोंदलेलं होतं, कारण तो विशेष शिक्षणाच्या योजनेतला विद्यार्थी होता.

चित्रकलेच्या तासाला त्याच्या ओळखीचा झाला डॅन. तोही त्या वर्षी नवा. डॅन आपणहून बोलला, फोन नंबर घेतला, मेसेज करू लागला. घरी आईवडिलांना काय वाटलं असेल ते मी वेगळं सांगायला नको. फोन वाजतोय, मुलगा हसतोय, 'माझा मित्र' म्हणतोय! त्यांनी अर्थातच म्हटलं, घेऊन ये की त्याला घरी. डॅन काही आला नाही. दर वेळी काहीतरी सबब निघायची.

डॅनच्या मेसेजमध्ये मात्र एकच विषय फिरून फिरून यायचा. वीड मिळेल का? कुठून आणशील? कधी? साठाहून जास्त मेसेज. मुलाला हे कुठे मिळतं याचा पत्ता नव्हता, पण एकुलत्या एका मित्राला नाही कसं म्हणायचं? डॅनने वीस डॉलर हातात ठेवले. बरेच दिवस गेले. शेवटी त्या मुलाने रस्त्यावरच्या एका बेघर माणसाला ते पैसे दिले आणि चिमूटभर गांजा आणला, त्यात धड एक जॉइंटही झाला नसता. पुढे आणखी एकदा वीस डॉलर, पुन्हा तेवढाच गांजा. त्यानंतर मुलाने आणून द्यायचं थांबवलं आणि डॅनचं बोलणंही थांबलं.

११ डिसेंबर २०१२ रोजी हत्यारी पोलीस चित्रकलेच्या वर्गात शिरले आणि मुलाला बेड्या घालून घेऊन गेले. डॅन हा रिव्हरसाइड काउंटीच्या शेरीफ खात्याचा माणूस होता. त्या दिवशी त्या भागातल्या शाळांतून बावीस मुलं उचलली गेली. कारवाईला नाव होतं 'ऑपरेशन ग्लास हाउस'. शाळांच्या वरिष्ठांना सगळं ठाऊक होतं, त्यांनीच परवानगी दिली होती. शिक्षकांना पत्ता नव्हता, आईवडिलांना तर नव्हताच.

बाल न्यायालयातल्या न्यायाधीशांनी परिस्थिती ओळखली. दोषी असा शिक्का न मारता थोडी समाजसेवा करायला लावून प्रकरण मिटवायची वाट काढून दिली. पण शाळा हटून बसली. अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलाला काढून टाकण्यापूर्वी एक बैठक घ्यावी लागते: जे घडलं ते त्याच्या अपंगत्वातून घडलं का, हे ठरवायला. शाळेने ठरवलं, नाही. एकट्या, भोळ्या, मैत्रीसाठी आसुसलेल्या मुलाने मित्राचं ऐकलं, त्याचा ऑटिझमशी संबंध नाही! आईवडील लढले. २०१३ च्या मार्चमध्ये मॅरियन टली या प्रशासकीय न्यायाधीशांनी शाळेचा निर्णय फिरवला आणि मुलाला परत घ्यायला सांगितलं. शाळेने त्या मुलाला एका छुप्या पोलिसासमोर एकटं सोडून दिलं, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. पुढे पालकांनी शाळेच्या जिल्ह्यावर दावाही लावला.

मला यात पोलिसांपेक्षा शाळेचा राग जास्त येतो. पोलीस बाहेरचा. ज्यांच्या हातात आपण पोर सोपवतो, त्यांनी त्याची फाइल कपाटात ठेवली आणि वर्गाचं दार उघडून दिलं.

हे काही टेमेक्युलाला सुचलेलं नाही. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७४ मध्येच 'स्कूल बाय' नावाचा कार्यक्रम सुरू केला. विशीतले, चेहऱ्याने कोवळे पोलीस विद्यार्थी म्हणून शाळेत भरती व्हायचे, सत्रभर बसायचे, मादक पदार्थ विकत घ्यायचे आणि सत्र संपत आलं की धरपकड. तो प्रकार तीस वर्षं चालला. '२१ जंप स्ट्रीट' ही अशाच छुप्या पोलिसांवरची, जॉनी डेपला घराघरात पोचवणारी मालिका १९८७ ची, आणि तिच्यावरचा विनोदी चित्रपट आला तो नेमका २०१२ साली. म्हणजे टेमेक्युलाचं ते पोर डॅनशी मैत्री करत होतं, त्याच वर्षी लोक थिएटरात असल्याच कारवाईवर खळखळून हसत होते.

लॉस एंजेलिसने २००५ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. हाती लागत होता तो बहुतेक किरकोळ गांजा, आणि जाळ्यात सापडणाऱ्यांत विशेष शिक्षणातली मुलं दिसू लागली होती. हे असं का होतं, याचा विचार प्रत्येक पालकाने एकदा तरी करावा. छुप्या पोलिसाकडे असतं एक सत्र, फार तर चार-पाच महिने. तेवढ्यात त्याला व्यवहार दाखवायचे असतात. शाळेत खरोखर धंदा करणारा मुलगा कसा असतो? सावध. नव्या तोंडाला माल देत नाही, आधी चौकशी करतो, मध्ये दुसऱ्याला घालतो. तो सहसा हाती लागत नाही. हाती लागतो तो, ज्याला नव्या मुलाचं आपल्याशी बोलणं हीच वर्षातली मोठी गोष्ट वाटते. त्याच्याजवळ माल नसतो, ओळखी नसतात, धंद्याची अक्कल तर नसतेच. असतं ते एवढंच, की कुणी मागितलं तर त्याला नाही म्हणवत नाही. गळ टाकला की आधी भुकेला मासाच लागणार.

एकटेपणा फक्त ऑटिझमचाच असतो असं नाही. फ्लोरिडात पाम बीच काउंटीत २०११ साली अशीच कारवाई झाली. अठरा वर्षांचा एक हुशार मुलगा, उत्तम मार्क, हवाई दलात जायची स्वप्नं. वर्गात नवी आलेली मुलगी त्याला आवडली. तिच्यासाठी काय काय केलं त्याने! प्रॉमला येशील का म्हणून विचारलं. तिने विचारलं, तू गांजा ओढतोस का, मला आणून देशील का? तो ओढत नव्हता, पण इकडून तिकडून खटपट करून त्याने आणला. पैसे घ्यायलाही तयार नव्हता. तिने पंचवीस डॉलर बळेच घ्यायला लावले, कारण पैसे घेतल्याशिवाय विक्री होत नाही आणि विक्रीशिवाय तिचं काम होत नाही. ती पोलीस होती. अठरा पूर्ण असल्यामुळे मुलावर प्रौढ म्हणून खटला झाला. त्याने गुन्हा कबूल केला आणि हवाई दलाचं स्वप्न तिथेच संपलं.

इथे अमेरिकेत, आमच्याकडे रविवारच्या मराठी शाळेत मुलं आत बाराखडी घोकत असतात आणि आम्ही पालक बाहेर चहा पीत उभे असतो. तिथे हा विषय काढला की हमखास एक वाक्य येतं: आपल्या मुलांचा याच्याशी काय संबंध? आपली मुलं त्यातली नाहीत हो.

बरोबर, नाहीत. टेमेक्युलाचाही नव्हता, पाम बीचचाही नव्हता. आता आपल्या घरातलं चित्र बघा. वडिलांची बदली झाली म्हणून ऐन दहावीत पुण्याहून इथे आलेली मुलगी. इंग्रजी उत्तम, पण उच्चार वेगळे, म्हणून वर्गात तोंड उघडायची चोरी. दुपारच्या सुट्टीत लायब्ररीत बसून डबा खाते आणि घरी सांगते, सगळं छान चाललंय. का सांगते? कारण आईबाबांनी इतकं करून इथे आणलंय, त्यांना कशाला दुखवायचं. मोठ्यांचं ऐकणारं, समोरच्याला न दुखावणारं मूल आपण फार कौतुकाने वाढवतो. त्या गुणाचा कुणी गैरवापर करू शकतं, हे त्याला शिकवायचं मात्र राहून जातं.

आपल्याला आणखी एक फास आहे, तो व्हिसाचा. कॅलिफोर्नियात २०१६ च्या मतदानानंतर एकवीस वर्षांवरच्यांना गांजा कायदेशीर झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाकडे थोडासा सापडला तर समुपदेशन आणि समाजसेवा, इतपतच. त्यामुळे मुलांना वाटतं, यात काय एवढं. पण केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बंदच आहे आणि इमिग्रेशन चालतं केंद्राच्या कायद्यावर. एच-फोर व्हिसावर असलेलं किंवा ग्रीन कार्डवरचं मूल अठरा वर्षांचं झालं आणि अशा प्रकरणात अडकलं, तर प्रश्न शाळेपुरता राहत नाही, देशात राहण्याचा होतो. स्वतःपुरता तीस ग्रॅमपर्यंत गांजा एकदा बाळगला तर हद्दपारीतून सवलत आहे. विकला तर ती सवलत नाही. आणि डॅनला हवी असते ती विक्रीच. बाल न्यायालयातला निकाल इमिग्रेशनच्या भाषेत सहसा 'कन्व्हिक्शन' धरला जात नाही, तरी कागद वकिलाला दाखवल्याशिवाय गप्प बसू नका. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडिया खटल्यात सांगितलं, की गुन्हा कबूल केल्याने हद्दपारीचा धोका असेल तर तो अशिलाला सांगणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. त्या खटल्यातला माणूस चाळीस वर्षं इथे राहिलेला ग्रीन कार्डधारक ट्रकचालक होता, आणि प्रकरण गांजाचंच. तेव्हा सही करण्याआधी फौजदारी वकील आणि इमिग्रेशनचा वकील, दोघांना विचारा. 'लवकर मिटतंय ना, मग घे कबूल करून' असं पोराला म्हणू नका.

कुणी म्हणेल, पोलिसांनीच गुन्हा करायला लावला तर तो गुन्हा कसला? कायद्यात हा बचाव आहे. १९५८ सालच्या शर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशीच शिक्षा रद्द केली होती. व्यसनावर उपचार घेणाऱ्या एका माणसाला डॉक्टरकडेच खबऱ्या भेटला आणि पुन्हा पुन्हा गयावया करून त्याने माल आणवला. कॅलिफोर्नियाचा कायदा तर आणखी बरा: तिथे १९७९ पासून विचारतात ते पोलिसाच्या वागण्याबद्दल, सरळ माणूसही डळमळेल असा दबाव त्याने आणला का. पण हा बचाव उभा राहतो अटक झाल्यानंतर, शाळेतून नाव कापल्यानंतर, बचत वकिलाकडे गेल्यानंतर. बहुतेक घरं तिथवर टिकत नाहीत, तडजोड करतात.

आता दुसऱ्या बाजूचं. अमली पदार्थांची भीती खोटी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, उलट ती वाढली आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हॉलिवूडच्या बर्नस्टीन हायस्कुलच्या बाथरूममध्ये पंधरा वर्षांची मुलगी गेली. तिने घेतलेल्या गोळीत फेंटानिल होतं. ही गोळी दिसायला औषधाच्या दुकानातल्यासारखी, मिळते फोनवरच्या ॲपवर, आणि एकच पुरे होते. केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याने, डीईएने, त्याच वर्षी सांगितलं, की त्यांनी तपासलेल्या बनावट गोळ्यांपैकी दहातल्या सहांत जीव घेऊ शकेल इतकं फेंटानिल होतं. त्या मृत्यूनंतर लॉस एंजेलिसच्या शाळांनी काय केलं? शाळाशाळांत नालोक्सोन ठेवलं. नाकात फवारायचं औषध, फेंटानिलने थांबलेला श्वास ते परत आणू शकतं. हे घरीही ठेवा, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. अर्धा जॉइंट आणून देणाऱ्या पोराला बेड्या घातल्याने ॲपवरचा तो विक्रेता कुणाच्या हाती लागणार नव्हता.

पोलिसाने वेषांतर करून विद्यार्थ्यांत बसणं हेच मुळात पाप आहे, असंही मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात एक तरुण महिला पोलीस काही महिने विद्यार्थिनी म्हणून वावरली. कँटीनमध्ये बसून मुलांच्या गप्पा ऐकायच्या, एवढंच काम. रॅगिंगची तक्रार आधीच आलेली होती, पण तक्रारदार नाव सांगायला घाबरत होता. तिने अकरा सीनियर हुडकून काढले. गुन्हा आधी घडलेला होता, ती फक्त ऐकत होती. डॅन मागत होता. माझ्या लेखी सगळा फरक इथेच आहे. भारतातला बाल न्याय कायदा तर, लहान मुलाचा वापर करून मादक पदार्थाची विक्री किंवा वाहतूक करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतो, कलम ७८. ते कलम गुन्हेगारांसाठी लिहिलंय, पोलिसांसाठी नाही, हे कबूल. पण मुलाला आण म्हणणारा मोठा माणूस हा तिथे गुन्हेगार आहे, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

मग मुलांशी बोलायचं काय? 'ड्रग्ज वाईट' हे त्यांना पहिलीपासून पाठ आहे. त्याचा उपयोग अनोळखी माणूस गोळी देऊ करतो तेव्हा होतो. मित्र म्हणतो, माझं एवढं काम कर, तेव्हा ते पाठांतर आठवतही नाही. म्हणून विचारायचं ते वेगळं. 'तुझा मित्र तुला एखादी गोष्ट आणायला पुन्हा पुन्हा सांगायला लागला, तर तू काय म्हणशील?' उत्तर लगेच येणार नाही, गाडीत दहा मिनिटं शांतता असेल, असू दे. एकदा सांगून पाहा, की नाही म्हणायला कारण लागत असेल तर माझ्यावर ढकल: 'माझी आई फोन तपासते, घरी वाट लागेल.' वाईटपणा आपण घेऊ, आपल्याला जमतो.

नवा मित्र घरी येतच नसेल तर त्यावरून लगेच पोलीस निघाला असं समजू नका. निम्मी मुलं लाजतात, निम्म्यांना आपल्या घरी डाळभात खायचा कंटाळा येतो. पण मित्राचे मेसेज एकाच मागणीभोवती फिरत असतील आणि तुमचं मूल त्यामुळे गप्प होत चाललं असेल, तर तेवढं दिसायला हवं. फोन हिसकावून घेतलात तर पुढचं काहीच दिसणार नाही.

पोलिसांबद्दलही बोलावं लागतं. आपली मुलं वर्दी दिसली की खरं बोलायला लागतात. कौतुकाचं आहे, पण इथे ते महागात पडतं. त्यांना दोन वाक्यं तोंडपाठ करून द्या: 'मला आईबाबांना फोन करायचाय' आणि 'मी वकिलाशिवाय बोलणार नाही'. मग गप्प. उद्धटपणा नाही, पळापळ नाही, खोटं तर अजिबात नाही. कॅलिफोर्नियात २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलाला ताब्यात घेऊन चौकशी करण्याआधी वकिलाशी बोलू द्यावंच लागतं. इतर बहुतेक राज्यांत हक्क आहे, पण तो मुलाला स्वतः मागावा लागतो. शाळेला दप्तर तपासायला वाजवी संशय पुरतो, १९८५ पासून हेच चालत आलं आहे, तेव्हा तिथे वाद घालू नये. फोन उघडायला मात्र पोलिसांना वॉरंट लागतं. मुलाने आपणहून पासवर्ड दिला की तो हक्क गेला.

मूल विशेष शिक्षणात असेल तर एक काम नक्की करा. पुढच्या आयईपी बैठकीत, म्हणजे त्याच्या विशेष शिक्षणाच्या योजनेच्या बैठकीत, लिहून घ्या, की हे मूल समवयस्कांच्या दबावाला सहज बळी पडतं, त्याला मतलब ओळखता येत नाही, आणि शिस्तीच्या किंवा पोलिसांच्या कुठल्याही प्रसंगी आधी पालकांना कळवावं. बोलून सोडू नका, कागदावर आणा. टेमेक्युलात जो निकाल फिरला, त्यात मुलाचं अपंगत्व शाळेला आधीपासून माहीत होतं, हा मुद्दा होता.

आणि शाळेच्या बोर्डाच्या बैठकीला जा. आपली मंडळी गणिताच्या प्रगत वर्गासाठी तिथे रांगा लावतात, मग यासाठीही जाता येईल. लोकांच्या बोलण्याला दोन-तीन मिनिटं मिळतात. एवढंच विचारा: पोलिसांशी शाळेचा काही करार आहे का, छुप्या अधिकाऱ्याला वर्गात बसवायची परवानगी कोण देतं, विशेष शिक्षणातल्या मुलांना त्यातून वगळलंय का, आणि किरकोळ गांजासह सापडलेल्या मुलाला उपचार मिळतात की नाव कापलं जातं. उत्तर लेखी मागा. 'मुलांची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वोच्च' असं गोड वाक्य तोंडी मिळेल, त्यावर घरी येऊ नका. दोघंतिघं मिळून गेलात तर वेळ प्रत्येकाला वेगळा मिळतो, प्रश्न वाटून घ्या.